पत्रिका द्यायला घेतलेलं वळण

मी डूख धरते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा राहणार नाही. आमच्या मनमाडच्या घरात ही रीतच आहे. आई आणि मावशी एका बारशाच्या आमंत्रणावरून सोळा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. दोघी एकाच रेल्वे कॉलनीत राहायच्या, एकाच नळावर पाणी भरायच्या, एकमेकींचा हंडा सरकवायच्या, पण शब्द नाही. त्यामुळे सरांवरचा माझा राग दहा वर्षं टिकला याचं मला कधी नवल वाटलं नाही. उलट मध्येच एखादा महिना तो कमी झाल्यासारखा वाटला, तर मीच त्याला हवा द्यायचे.

सर म्हणजे नाशिकमधले एक क्रीडा संघटक. पूर्वी शाळेत पीटी शिकवायचे, मग नोकरी सोडून स्पर्धा भरवायला लागले. कबड्डी असो, टेनिस बॉल क्रिकेट असो, शहरात कुठे मांडव पडला आणि त्यावर कुणाच्या तरी नावाचा चषक लिहिलेला दिसला, की मागे सर असायचेच. सगळे त्यांना सर म्हणत. मीही म्हणायचे. आजही त्यांचा विषय निघाला की तोंडातून तेच येतं, आणि त्याचाही मला राग येतो.

मी कॉलेजात आठशे मीटर धावायचे. कायम तिसरी. तिसऱ्या नंबरचं एक असतं, फोटोत तुम्ही असता पण फोटो छापताना कडेला कापल्या जाता. कॉलेज संपल्यावर मनमाडला परत जाऊन स्थळं बघत बसायचं नव्हतं, म्हणून सरांच्या ऑफिसात लागले. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. खेळाच्या सामानाच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. एकीत सर बसायचे, दुसरीत ट्रॉफ्यांची खोकी, टाइपरायटर आणि मी.

काम काय, तर पत्रं टाइप करायची आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाऊन प्रायोजक मिळवायचे. सर आधी स्वतः जायचे तेव्हा हात जोडून म्हणायचे, "खेळाला मदत करा." त्यावर मॅनेजर लोक एखाद्या बॅनरपुरते पैसे द्यायचे आणि पुढच्या वेळी वॉचमनला सांगून ठेवायचे की साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी दोन-चार महिने बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की आपण भीक मागतोय, विकत काहीच नाही. मग मी विकायला लागले. मी मॅनेजरसमोर वर्तमानपत्र उघडायचे आणि विचारायचे, साहेब, खेळाच्या पानावर फोटो कशाचा असतो? जिंकणाऱ्याचा. त्यात काय दिसतं? छाती. मैदानाच्या कडेचा तुमचा वीस फुटी बॅनर कधी छापून आलाय का? मग तुमचं नाव चेस्ट नंबरच्या वरच्या पट्टीवर घ्या. जिंकणारी कुणीही असो, फोटोत तुम्ही आहातच.

हे आता कुणीही शाळकरी पोर सांगेल. तेव्हा नाशिकमध्ये ते कुणी सांगत नव्हतं. मी सांगत होते, साडी नेसून, सिटी बसने जाऊन, वॉचमनच्या स्टुलावर तास तास बसून.

मुलींच्या शर्यतीची कल्पनाही माझीच. हे मी छातीठोक सांगते, कारण पुढे ते सांगायला कुणी उरलं नाही. पेठ, सुरगाणा, कळवण या बाजूच्या शाळांतल्या मुली सरांच्या स्पर्धांना यायच्या. डोंगर चढून उतरून शाळेत जाणाऱ्या पोरी, त्यांना शंभर-दोनशे मीटर म्हणजे अंगणातलं धावणं. त्यांना लांब पळवा, असं मी सरांना म्हणत होते. फक्त मुलींची, रस्त्यावरची दहा किलोमीटर. सर हसले. म्हणाले, "अगं, मुली रस्त्यावर पळणार आणि बघायला कोण येणार?" मी तीन रात्री बसून प्रस्ताव लिहिला, अंबडला विजेची बटणं बनवणाऱ्या एका कंपनीत गेले आणि तिथल्या मॅनेजरने एका बैठकीत हो म्हटलं. घरातल्या वस्तूंचा माल, विकत घेणाऱ्या बायका, धावणाऱ्या मुली, हे त्याला मी वेगळं समजावून सांगायची गरजच पडली नाही. परतताना बस रिकामी होती. मी बसूच शकले नाही, अंबडपासून सीबीएस स्टँडपर्यंत दांडा धरून उभी राहिले.

आता स्कूटरची गोष्ट.

शर्यतीला तीन आठवडे होते. मार्ग ठरला होता. गोल्फ क्लब मैदानाच्या फाटकातून निघायचं, त्र्यंबक रोडने सातपूरच्या दिशेने पाच किलोमीटर जायचं आणि तिथून वळून त्याच फाटकात परत. मोजायचं कसं, तर सरांच्या स्कूटरवर. सर चालवणार, मी मागे बसून मीटर बघणार आणि वहीत लिहिणार. पाच किलोमीटर भरले की उतरून रस्त्यावर चुन्याने खूण करायची. त्याच दिवशी निमंत्रण पत्रिका छापून आल्या होत्या, त्यांचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता. एका फेरीत दोन्ही कामं, असं सरांचं म्हणणं.

पत्रिका हातात द्यायची असते, हे काही मी सांगायला नको. पोस्टाने पाठवली तर माणूस येत नाही, आणि आलाच तर तोंड वाकडं करून बसतो. वाटेत एका कॉलनीत आमच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष राहायचे. कॉलनी आली आणि सरांनी मोजणी चालू असतानाच स्कूटर डावीकडे वळवली. दोनशे मीटर आत बंगला. "तू थांब, मी देऊन येतो," म्हणून ते आत गेले. आत गेले म्हणजे चहा आला. मी बाहेर स्कूटरजवळ उभी. हाताला काही काम नाही, म्हणून गठ्ठ्यातली एक पत्रिका काढून वाचायला लागले.

अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती. मग 'संकल्पना' म्हणून सरांचं नाव. मग 'स्पर्धा संचालक' म्हणून सरांच्या पुतण्याचं नाव. हा पुतण्या तोपर्यंत फक्त टी-शर्टांची ऑर्डर द्यायला गेला होता, आणि सगळे टी-शर्ट एकाच मापाचे घेऊन आला होता. खाली संयोजन समितीत अठ्ठावीस नावं. त्यात मांडववाला होता, लाउडस्पीकरवाला होता, दुकानाचा मालक होता. मी तीनदा वाचली. मी नव्हते.

सर मिशी पुसत बाहेर आले. स्कूटर सुरू केली, दोनशे मीटर परत मुख्य रस्त्याला आलो आणि पुढे निघालो. मीटरमध्ये चारशे मीटर फुकटचे चढले होते. आत दोनशे, बाहेर दोनशे. ते वजा करायला हवे होते. मी तोंड उघडलंही होतं, "सर, मघाशी आत गेलो ते..." इथपर्यंत वाक्य मनात तयार होतं. मग मांडीवरच्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. वहीत मात्र लिहिलं, कारण लिहायची सवय होती: 'पत्रिका देण्यासाठी डावीकडे. आत २००, बाहेर २००. वजा केले नाही.' पुढे मीटरवर पाच किलोमीटर झाले, सरांनी विचारलं, "झाले का गं?" मी म्हणाले, "झाले." खाली उतरून मीच चुना टाकला.

म्हणजे वळायची जागा चारशे मीटर अलीकडे आली. जाताना चारशे कमी, येताना चारशे कमी. दहा किलोमीटरच्या शर्यतीत आठशे मीटर नव्हतेच. आणि हे जगात एकट्या मला माहीत होतं. त्या क्षणी मला जे वाटलं ते लपवून काय करू? मला फार बरं वाटलं.

शर्यत झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, सातपूरच्या कामगारांच्या बायका कडेवर पोरं घेऊन उभ्या. बक्षीस समारंभात मला काम होतं ते तबक धरायचं. तबकात शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. 'स्पर्धेचे तरुण, तडफदार संचालक' म्हणून पुतण्याचा सत्कार झाला, तेव्हा ती शाल माझ्या हातातल्या तबकातून उचलली गेली. कंपनीचे मोठे साहेब मुंबईहून आले होते. त्यांनी कौतुकाने विचारलं, "ही मुलगी कोण?" ज्याला मी प्रस्ताव समजावला होता तो मॅनेजर बुटांकडे बघत होता. सर म्हणाले, "आमच्या ऑफिसातली आहे. टायपिंग छान आहे हिचं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पुढच्या आठवड्यात मी नोकरी सोडली. वही घेऊन.

मग मी स्वतःचा धंदा सुरू केला. कारखान्यांचे वार्षिक क्रीडा दिन. प्रत्येक कंपनीत ते व्हायचे आणि प्रत्येक ठिकाणी बिचारा एखादा पर्सोनेल ऑफिसर शिट्टी गळ्यात अडकवून घामाघूम व्हायचा. मी म्हटलं, सगळं मी करते. खाते विरुद्ध खाते क्रिकेट, रस्सीखेच, बायकांची लिंबू-चमचा, मुलांची पोत्यातली शर्यत, बक्षिसं, नाश्ता, फोटो. लोक आईला विचारायचे, मुलगी करते काय? आई म्हणायची, "स्पर्धा भरवते." पुढचा प्रश्न असायचा, "नाही, पण नोकरी कुठे?"

सरांना हे कळल्यावर त्यांनी माझी वाट अडवायला सुरुवात केली. मैदान मागायला गेले की ते आधीच कुणीतरी घेतलेलं असायचं. एकदा ऐन सामन्याच्या आदल्या दिवशी दोन्ही पंचांनी निरोप पाठवला की तब्येत बरी नाही. दोघांनाही एकदम ताप. मी वडिलांना फोन केला. ते मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते आणि तिथे क्रिकेटचे पंच पैशाला पासरी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने चौघे उतरले, पांढरे कोट घालूनच. वडिलांनी निरोप दिला होता, "सांगा तिला, आनखी लागले तर आनखी पाठवतो." तिथून पुढे मी नाशिकचा पंच कधी बोलावला नाही.

हळूहळू इंदिरानगरला माझं स्वतःचं ऑफिस झालं. आणि सरांची शर्यत? ती दरवर्षी मोठी होत गेली. 'आमची' लिहिणार होते, हात थांबला. मुलींच्या वेळा इतक्या चांगल्या यायच्या की पुण्या-मुंबईचे लोक चकित. वर्तमानपत्रात सर सांगायचे, नाशिकची हवाच तशी आहे, गोदेचं पाणी तसं आहे, रस्ता वेगवान आहे. चुन्याची खूण जाऊन तिथे पक्का रंगवलेला दगड आला होता, जागा तीच. दर वर्षी तो अंक मी विकत आणायचे, कात्रण कापायचे आणि वहीत ठेवायचे. बोला, म्हणायचे. अजून बोला. जितकं उंच चढाल तितकं बघायला बरं.

पाचव्या वर्षी ती शर्यत सुरगाण्याकडच्या एका मुलीने जिंकली. मग सहाव्या, सातव्या, आठव्या वर्षीही तीच. बारकी, काटक, धावताना मान किंचित उजवीकडे. राज्यातली सर्वांत जलद मुलगी म्हणून तिचं नाव झालं. राज्य पातळीवर पदक मिळालं तर खेळाडूंच्या जागेवर सरकारी नोकरी, एवढं एकच तिच्या आणि तिच्या घरच्यांच्या डोळ्यांपुढे होतं. ती पुण्याला धावायला गेली. मी एका कंपनीच्या कामासाठी तिथे होते, बघायला गेले. तिथे मैदानावरच्या पंचवीस फेऱ्या, बरोब्बर दहा किलोमीटर. तेविसाव्या फेरीपर्यंत ती पहिली होती. शेवटच्या दोन फेऱ्यांत मोडली. पाय उचलेनात. एक, दोन, तीन करत पाच जणी तिला ओलांडून गेल्या.

शेवटच्या दोन फेऱ्या म्हणजे आठशे मीटर. तिचं अंग त्र्यंबक रोडला बसलं होतं. सगळा दम ती तिथल्या मापाने खर्चायची.

ती नळापाशी बसून रडत होती. मी तिला पाणी दिलं. नाशिकची म्हटल्यावर ती मोकळी झाली.

"ताई, शेवटाला पाय उचलतच नाय. कुठं जातो दम? सर म्हनतात, तू मनाची कच्ची हाय."

उत्तर माझ्या इंदिरानगरच्या कपाटात होतं. मी म्हणाले, "सराव वाढव."

पुढच्या वर्षी तेच झालं. त्याच्या पुढच्या वर्षीही. वर्तमानपत्रात तिला 'शेवटी मोडणारी' म्हणायला लागले. मला तेव्हा काय वाटलं तेही लिहिते. वाटलं, बरं झालं, सरांची नाचक्की होतेय. आणि वाटलं, अजून वेळ आलेली नाही.

वेळ आली ती दहाव्या शर्यतीनंतर. कंपनीत नवा तरुण अधिकारी आला होता. त्याला शर्यत देशभरातल्या धावपटूंसाठी खुली करायची होती, आणि त्यासाठी मार्ग रीतसर मोजल्याचा दाखला लागणार होता. त्याने सरांना आणि मला, दोघांनाही प्रस्ताव घेऊन एकाच दिवशी बोलावलं. निरोप आल्यावर मी दार लावून घेतलं आणि एकटीच खूप वेळ हसले.

आठवडाभर मी रोज पहाटे त्र्यंबक रोडवर होते. सायकलच्या चाकाला फेऱ्या मोजणारं यंत्र बसवून, ते आधी स्टीलच्या टेपवर पडताळून, मोजणीतला जाणकार माणूस मुंबईहून आणून. नऊ किलोमीटर दोनशे मीटर. वहीवरून केलेला हिशेब तंतोतंत निघाला.

बैठकीत सरांनी आधी भाषण केलं. हवा, पाणी, परंपरा. मग मी उठले, मोजणीचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ही शर्यत दहा किलोमीटरची नाही. कधीच नव्हती." सरांचा चेहरा बघायला मी दहा वर्षं थांबले होते, म्हणून घाई केली नाही, सावकाश बघून घेतला. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या ओठांवर घाम आला होता. पत्रिका, कॉलनी, चहा, काही आठवत नव्हतं.

अधिकाऱ्याने जुनी फाइल चाळली. "मॅडम, पण दर वर्षी ॲथलेटिक्स संघटनेकडे गेलेल्या या कागदावर 'मार्ग मोजणी' म्हणून तुमचं नाव आहे. पहिल्या कागदावर सहीसुद्धा."

मी बघितलं. माझीच सही. त्या दिवसांत सर पत्रांचा ढीग पुढे करायचे, मी सह्या करत जायचे. पुढे दर वर्षी तोच कागद, तेच नाव. पत्रिकेवरच्या अठ्ठावीस नावांत मी नव्हते, आणि एवढ्या एका ठिकाणी दहा वर्षं होते.

सर हळूच म्हणाले, "मोजणी हिच्याकडेच होती. मला आकडे कधी जमले नाहीत. मी हिच्यावर सोडलं होतं."

मग मी वही काढली. 'वजा केले नाही' हे पान उघडून समोर ठेवलं आणि त्या दिवसाची सगळी हकीकत सांगितली. स्कूटर कुणाची, वळवली कुणी, हुकूम कुणाचा. अधिकाऱ्याने वाचलं, खांदे उडवले. कंपनीला जुनं उकरायचं नव्हतं. त्यांना पुढच्या वर्षीसाठी खरा कागद हवा होता आणि तो माझ्याकडे होता. शर्यत मला मिळाली.

तेवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? वहीच्या त्या पानाचा फोटो मी स्वतः एका स्थानिक वर्तमानपत्राला दिला. सकाळी नाशिकभर चहाबरोबर लोकांनी तो वाचला. नाशिकच्या हवेवर विनोद सुरू झाले. सरांचा फोन आठवडाभर लागत नव्हता. पुतण्या माझ्याकडे काम मागायला आला आणि मी लगेच दिलं. त्याच्यासाठी काम माझ्या डोक्यात तयार होतं.

चार दिवसांनी ती मुलगी ऑफिसात आली. सुरगाण्याहून एसटीने, कात्रण पिशवीत घडी घालून. बसली नाही. कात्रण टेबलावर ठेवून वहीच्या फोटोवर बोट ठेवलं.

"ताई, हे तुमचं अक्षर हाय?"

"हो."

"तुमाला कवापासून माहीत व्हतं?"

खोटं सांगता आलं असतं. पण तारीख पानावरच होती. "पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले.

"म्हंजे पुन्याला, नळापाशी, तवापन?"

मी हो म्हणून मान हलवली. तिने कात्रणाची पुन्हा तशीच घडी घातली. सरकारी भरतीचं तिचं वय त्या वर्षी संपत होतं, हे मला नंतर कळलं. तिने ते सांगितलं नाही. दारात थांबून एवढंच म्हणाली, "नाव लिवून घ्या. शर्यतीला येईन."

मला वाटलं, चला, समजूतदार आहे पोरगी.

नव्या शर्यतीची तयारी मी जीव ओतून केली. वळायची जागा पुढे न्यायला वाहतूक पोलीस तयार नव्हते, म्हणून राहिलेले आठशे मीटर शेवटाला जोडले. जुन्या फाटकावरून पुढे जायचं, मैदानाला वळसा घालायचा आणि मागच्या बाजूने आत. खरं सांगायचं तर मला तसंच हवं होतं. जुन्या फाटकासमोर मी रस्त्यावर पांढरी रेषा मारून घेतली आणि शेजारी पाटी लावली, 'जुनी समाप्ती रेषा'. पाहुण्यांचा मांडव सावलीच्या नावाखाली तिथेच घातला. म्हणजे प्रत्येकाला दिसावं, किती कमी होतं ते. पत्रिकेवर सगळ्यात वर, संकल्पना आणि स्पर्धा संचालक, दोन्ही ठिकाणी माझं नाव. सरांची पत्रिका मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिली. त्यांचं नाव समितीत अठ्ठाविसावं होतं. सर आले. न येऊन सांगतात कुणाला? पहिल्या रांगेत, रेषेच्या समोरच्या खुर्चीत मी त्यांना हात धरून बसवलं. आणि पुतण्याच्या हातात तबक दिलं, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. म्हटलं, "सरळ धर. हलवू नकोस."

इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

लांबून मोटारसायकल दिसली, तिच्यामागे ती. मान किंचित उजवीकडे. दुसरी मुलगी शंभर पावलं मागे. बंगळूरहून, पंजाबातून आलेल्या त्याहून मागे. लोक आरडाओरडा करत होते. मी रेषेजवळ उभी होते. आता हे आठशे मीटर ती सगळ्या गावासमोर काढणार, आणि 'शेवटी मोडणारी' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होणार, आणि तेही माझ्या शर्यतीत. तिच्या पायांत दम होता. मी धावलेली बाई आहे, मला कळतं. ती अजून एक किलोमीटर हसत धावली असती.

ती पांढऱ्या रेषेपाशी आली आणि थांबली.

दमून नाही. दोन पावलांत वेग कमी केला, रेषेच्या अलीकडे उभी राहिली. लोक ओरडले, "पुढं, पुढं! अजून हाय!" तिने वर बघितलंही नाही. चेस्ट नंबरच्या चारही पिना एकेक करून काढल्या, एकीत एक अडकवल्या, कंपनीचं नाव आत जाईल अशी नंबरची घडी घातली आणि ती माझ्या हातात दिली.

"ताई, माजी शर्यत हितंच संपती," ती म्हणाली. "तुमीच मोजली व्हती."

दुसरी मुलगी आमच्या बाजूने निघून गेली. मग तिसरी. ती फुटपाथवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. सर खुर्चीतून तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे. पुतण्या मी सांगितलं तसं तबक सरळ धरून उभा होता. निवेदक माइकवर विचारत होता, पाय मुरगळला का, डॉक्टर आहेत का.

निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे मीच लिहिलं, 'शर्यत अपूर्ण'. पुढची काही वर्षं मी ती शर्यत भरवली, माझं नाव सगळ्यात वर राहिलं. ती पुन्हा कधी आली नाही. नंबरची घडी त्याच वहीत आहे, त्याच पानात. लोकांनी विचारलं, तुम्हाला तिचा राग नाही का आला? नाही आला. तिने उट्टं काढलं होतं, आणि ते कसं काढतात हे माझ्याइतकं कुणाला कळणार! पण मला जे दहा वर्षांत जमलं नाही ते तिने एका सकाळी केलं. माझं जे होतं तेवढंच घेतलं, दुसऱ्या कुणाच्या पायातला दम न घेता.